कारागीर आणि त्याचे गिऱ्हाईक



गायनाच्या मैफलीला आपण जातो तेव्हा गवई कोण, तबल्याला कोण, पेटीला कोण, याची चौकशी आवर्जून करतो. गवयाच्या पाठीशी दोन तंबोरे झंकारत असतात. ते जुळल्याखेरीज मैफल सुरू होत नाही, आणि ते सुरेल जुळले की गवयाचे निम्मे काम झाले, असे जाणकार म्हणतात. पण हे तंबोरे कोणी केले, हा प्रश्न मैफलीहून घरी परतताना आपल्यापैकी किती जणांच्या मनात येतो? माझ्याही मनात तो कित्येक वर्षे आला नव्हता. आमच्या घरी आजीचा एक तंबोरा खोळ घालून कोपऱ्यात उभा असे. पुढे मुलगी गाणे शिकू लागली म्हणून तो बाहेर काढला, तो त्याचा आवाज पार बसलेला. तो घेऊन मी मिरजेला गेलो, आणि त्या एका खेपेत जे पाहिले, ऐकले, त्यातूनच आजच्या व्याख्यानाचा विषय निघाला.

आपल्या हिमतीवर, आपल्या घरी किंवा छोट्याशा दुकानात बसून हाताने वस्तू करणारा जो कारागीर, तो ती वस्तू कशाच्या ओढीने करतो आणि केल्यावर विकतो कशी, असा हा विषय आहे. हे दोन प्रश्न आपण निरनिराळे समजतो. पहिला कलेचा आणि दुसरा बाजाराचा. पहिल्याविषयी आपण भाविकपणे बोलतो, दुसऱ्याविषयी बोलताना आवाज थोडा खाली आणतो. माझे म्हणणे असे आहे की, हे दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. कारागिराची वस्तू कोणाच्या हाती जाणार, तो घेणारा किती जाणता आहे आणि तो परत येऊन कारागिराशी बोलणार आहे की नाही, यावर त्या वस्तूचा कस अवलंबून असतो. गिऱ्हाईक हे कारागिराच्या पोटाचे साधन आहेच, पण ते त्याच्या स्फूर्तीचेही एक मोठे कारण आहे.

थोडे मागे जाऊन पाहू. आपल्याकडे खेड्यातल्या कारागिराला पूर्वी बाजार माहीत नव्हता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे वर्णन आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. सुताराने नांगर भरावा, लोहाराने फाळ शेवटावा, चांभाराने मोट आणि वहाणा शिवाव्यात, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वाटा धान्यरूपाने घ्यावा, अशी ती पद्धत. तिच्यात वस्तूला किंमत नव्हती आणि जाहिरातीची गरज नव्हती. गिऱ्हाईक जन्माने ठरलेले आणि कारागीरही जन्मानेच ठरलेला. सुताराने भरलेला नांगर कच्चा निघाला तर ती गोष्ट दिवस मावळण्याच्या आत त्याच्या कानावर येई, कारण नांगर धरणारा त्याच्याच गावचा होता.

ही व्यवस्था मोडली म्हणून गळा काढण्याचे कारण नाही. तिच्यात पोटाची थोडी हमी होती, पण धंदा निवडण्याची मोकळीक नव्हती. वाटा देणाऱ्याच्या मर्जीवर होता, आणि ज्याच्या हातच्या वहाणा घालायच्या त्याची सावली नको, असा उफराटा न्यायही तिच्यातच होता. ती गेली हे बरेच झाले. मात्र तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. करणारा आणि वापरणारा यांची रोजची ओळख संपली. कारागीर मोकळा झाला, पण त्याच क्षणी त्याच्यापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला: आता माझे गिऱ्हाईक कोण? या प्रश्नाला महाराष्ट्रातल्या तीन ठिकाणच्या कारागिरांना तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. त्यांपैकी मिरजेचे उत्तर मी विस्ताराने सांगणार आहे.

मिरजेतील सतारमेकर हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारे घडविणारे व त्यांना धार लावणारे. १८१८ साली पेशवाई बुडाली, इंग्रजी अंमल स्थिरावला, आणि तलवारी-भाल्यांना गिऱ्हाईक उरले नाही. हात कसबी, पण कामाला वाव नाही, अशी स्थिती झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने तंतुवाद्यांच्या दुरुस्तीतून वाद्ये करण्याची विद्या साध्य केली. त्यांचे बंधू मोहिद्दीन हेही त्या कामात होते. मिरज संस्थानच्या पटवर्धनांचा त्यांना आश्रय मिळाला. आज मिरजेत जी तंतुवाद्ये होतात त्यांची परंपरा तेथून सुरू होते.

या हकिगतीत स्फूर्तीचा भाग कोणता आणि पोटाचा कोणता? प्रारंभ पोटापासून झाला, हे उघड आहे. पण पोटासाठी विळे-कोयतेही करता आले असते. तंबोराच का? कारण त्या परिसरात गाणे होते आणि गाण्याचे जाणते होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवीत. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याजवळ तेथेच शिकले. पुढे किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली प्रवासात त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांना मिरजेतच आणून दफन करण्यात आले. तेथील मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणे होते. खाँसाहेबांसारखा सुराचा चोखंदळ माणूस ज्या गावात राहतो, त्या गावातल्या कारागिराला अर्धवट सुरेल तंबोरा पुढे करण्याची सोय राहत नाही. तो धाक आणि तो मान, दोन्ही मिळून स्फूर्ती होते.

आता ही वस्तू होते कशी ते पाहू, म्हणजे या धाकाचे मर्म कळेल. तंबोऱ्याचा भोपळा हा आपण भाजीला आणतो तो भोपळा नव्हे. तो कडू जातीचा, जाड सालीचा आणि आकाराने प्रचंड असतो. सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमाकाठी त्याची लागवड होते. चांगला वाळलेला भोपळा निवडणे हीच पहिली परीक्षा. तो कापून, पाण्यात भिजवून नरम करतात, आतून साफ करतात आणि हवा तो घाट देऊन पुन्हा वाळू देतात. मग त्याला लाकडी गळा बसवून दांडी जोडायची आणि तोंडावर तबली बसवायची. लाकूड बहुधा तुनाचे, आणि तेही मुरलेले हवे. ओले लाकूड पुढे वाकते, आणि दांडी केसभर वाकली तरी वाद्य बेसूर होते. तबली किती जाड ठेवावी याला कोष्टक नाही. कारागीर तिच्यावर बोटाने टिचकी मारतो आणि कान देतो. त्यानंतर खुंट्या, नक्षी, रोगण. एक तंबोरा पुरा व्हायला कित्येक आठवडे जातात, आणि लाकूड मुरायला गेलेला काळ त्यात धरलेला नाही.

एवढे झाले तरी तो अजून तंबोरा नव्हे. त्याला आवाज आहे, पण बोल नाही. बोल येतो तो जवारीने. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा वरवर सपाट दिसतो. वास्तविक तो अगदी किंचित बाकदार असतो. तार छेडली की ती कंप पावताना त्या उताराला पुनःपुन्हा ओझरती शिवते, आणि त्यामुळे मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर उमलतात. तारेखाली सुताचा धागा सरकवून तो स्पर्श नेमका जमवतात. खर्जाच्या तारेतून न वाजवलेला गांधार ऐकू येतो तो यामुळेच. चंद्रशेखर वेंकट रामन यांना या गोष्टीचे मोठे नवल वाटले. तारेच्या कंपनाविषयीच्या प्रचलित नियमाप्रमाणे जे उपस्वर उमटू नयेत, तेही या वाद्यांच्या घोडीमुळे स्पष्ट उमटतात, हे त्यांनी १९२१ साली एका निबंधात दाखवून दिले. शास्त्रज्ञाने जे प्रयोगाने सिद्ध केले, ते मिरजेचा कारागीर कानसेने आणि कानाने साधत आला होता.

माझ्या तंबोऱ्याचे काम चालू असताना मी शेजारीच बसलो होतो. कारागिराने आधी मुलीला सा लावायला सांगितला, तिची पट्टी समजून घेतली, मग हाडाच्या घोडीवर कानस फिरवायला सुरुवात केली. दोनचार हात फिरवायचे, तार चढवायची, छेडायची, डोळे मिटून ऐकायचे, तार उतरवायची, पुन्हा कानस. मधेच तो मुलीला विचारी, जवारी खुली हवी की थोडी बंद? तिला ते सांगता येईना, तेव्हा त्याने दोन्ही तऱ्हा ऐकवल्या, आणि तिने एक निवडली. दोन तास गेले. तंबोरा बोलू लागला. मग त्याने मजुरी सांगितली, आणि मला ती जास्त वाटली. चिमूटभर हाड तर घासले, असे माझ्या मनात आले, आणि मी घासाघीस केली. तो रागावला नाही. त्याने एवढेच सांगितले की, जवारी बिघडली तर पुन्हा घेऊन या, पैसे पडणार नाहीत; पण ऐकण्याची मजुरी कमी करता येत नाही. मी मुकाट्याने पैसे दिले. परतीच्या वाटेवर मला माझीच लाज वाटत होती.

मिरजेच्या कारागिराची विक्री तीन वाटांनी होते. पहिली वाट फर्माशीची. गवई किंवा विद्यार्थी स्वतः येतो किंवा निरोप पाठवतो, आपली पट्टी सांगतो, विसार देतो आणि ठरल्या दिवशी वाद्य नेतो. यात विसाराच्या रकमेतून सामान येते आणि वाद्य पडून राहत नाही. दुसरी वाट दुरुस्तीची. जवारी झिजते, खुंटी सैल होते, प्रवासात भोपळा तडकतो. या कामात रक्कम लहान असते, पण ती सतत येते, आणि त्याहून मोठा लाभ असा की, दहा वर्षांपूर्वी केलेले आपले वाद्य कसे टिकले, कोठे चुकले, हे कारागिराला डोळ्यांनी दिसते. तिसरी वाट व्यापाऱ्याची. मोठ्या शहरांतले वाद्यांचे दुकानदार एकदम अनेक नग घेतात.

व्यापाऱ्याला उगीच दोष देण्यात अर्थ नाही. तो दुकानाचे भाडे भरतो, माल पडून राहिला तर पैसा अडकवून घेतो, आणि कारागिराला जे गिऱ्हाईक कधीच भेटले नसते, त्याच्यापर्यंत वस्तू पोहोचवतो. पण या वाटेवर दोन गोष्टी गळून पडतात. एक, करणाऱ्याचे नाव. दुसरी गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. ती म्हणजे तक्रार. दुकानातून तंबोरा नेणाऱ्याला तो पसंत पडला नाही तर तो दुकानदाराला बोलतो. ते बोलणे मिरजेपर्यंत पोहोचत नाही. आणि तक्रार ही तर कारागिराची शाळा आहे. ती बंद झाली की हात चालू राहतो, पण शिकणे थांबते.

या धंद्यावर अलीकडे आलेले संकट निराळ्या स्वरूपाचे आहे. १९७० नंतरच्या दशकात विजेवर चालणारा तंबोरा निघाला, आणि आता तर खिशातल्या मोबाईलवर हव्या त्या पट्टीत तो वाजतो. विद्यार्थ्याला ती मोठी सोय आहे, आणि ती वापरू नका असे सांगणे वेडेपणाचे होईल. पण त्याचा परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. मैफलीतल्या गवयाला उत्तम तंबोरा लागतो, त्यामुळे उत्तम वाद्याला मागणी राहते. घटते ती विद्यार्थ्याच्या साध्या तंबोऱ्याची मागणी. आणि शिकाऊ कारागिराचा हात बसतो तो अशा साध्या वाद्यावरच. शिडीच्या खालच्या पायऱ्या काढून घेतल्या तर वरच्या पायरीवर पुढे पोहोचणार कोण? मुलगा बापाजवळ बसत नाही याचे खापर आपण मुलाच्या चंचलपणावर फोडतो. त्याने मांडलेला हिशेबही एकदा पाहिला पाहिजे.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडे त्यासंबंधीचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. या मानांकनाचा अर्थ एवढाच की, दुसरीकडे केलेली वस्तू मिरजेची म्हणून विकता येणार नाही. हे कुंपण आहे, आणि कुंपण उपयोगाचे असते. पण कुंपण घातले म्हणून पीक येत नाही. गिऱ्हाईक आणणे, योग्य दाम मिळणे आणि पुढची पिढी बसवणे, ही कामे कायदा करू शकत नाही.

मिरजेत गिऱ्हाईक समोर बसते. ते दूर गेले म्हणजे काय होते, याचे उदाहरण पालघर जिल्ह्यातील वारली चित्रकलेत सापडते. ही चित्रे मुळात विकण्यासाठी नव्हतीच. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहीत आणि त्यात पालघाट देवीची स्थापना होई. चौक चुकला तर लग्नाला आलेल्या बायकांना तो तत्काळ कळे. म्हणजे तेथेही परीक्षक समोर होता. १९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने वारली पाड्यांवर कागद आणि रंग नेले. जिव्या सोमा म्हसे यांनी त्या कागदावर जे चितारले त्याने ही कला देशोदेशी गेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली ते निवर्तले. भिंतीवरच्या चौकाखाली कोणी सही करीत नसे, कारण सगळे गाव करणारीला ओळखत होते. कागद अनोळखी माणसाच्या घरी जाणार, म्हणून त्यावर सही आली. या सहीने चित्रकाराला नाव आणि दाम मिळवून दिले.

त्याबरोबर एक धोकाही आला. दूरच्या गिऱ्हाइकाला चौकातले बरेवाईट कळत नाही. त्याला तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वेढा धरून नाचणारी माणसे, एवढेच ओळखीचे असते. मग तेवढेच मागितले जाते, तेवढेच काढले जाते, आणि शेवटी पिशव्यांवर व पेल्यांवर यंत्रानेही तेच छापले जाते. पुष्कळ मागणी असूनही कलेची वाढ खुंटू शकते, ती अशी.

तिसरे उदाहरण कोल्हापुरी चपलेचे. येथे गिऱ्हाईक दूर, आणि करणाऱ्याचे नावही लुप्त. हिरडा आणि बाभळीची साल वापरून चामडे कमवायला आठवड्यांमागून आठवडे जातात. तळ चामड्याच्याच वादीने शिवतात, खिळा लावीत नाहीत. घालणाऱ्याच्या पायाचा आकार ती हळूहळू घेते. एवढा खटाटोप केलेली ही चप्पल आपण गावाच्या नावाने ओळखतो. माणसाच्या नावाने नाही. २०१९ साली कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांसाठी तिला मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने मिलान येथील आपल्या पोशाखांच्या प्रदर्शनात तशाच घाटाच्या चपला मांडल्या, आणि प्रथम त्यांच्या मुळाचा उल्लेख केला नाही. इकडे गदारोळ झाला, तेव्हा कंपनीने मूळ भारतीय असल्याचे मान्य केले, आणि वर्षअखेरीस महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला.

आपण सारे त्या वेळी रागावलो, आणि रागावण्यासारखे ते होतेच. परंतु रागाच्या भरात एक प्रश्न आपण स्वतःला विचारायला विसरलो. इटलीच्या कंपनीने कोल्हापूरचे नाव घेतले नाही. आपल्या पायातली चप्पल ज्याने शिवली त्याचे नाव आपल्यापैकी कोणी कधी विचारले होते काय? दुकानात गेल्यावर आपण दोन गोष्टी करतो. चप्पल वाकवून पाहतो आणि भाव पाडून मागतो. ती कमावलेल्या चामड्याची आहे की नुसती वरून तशी दिसणारी आहे, हे ओळखण्याची नजर आपल्याला नसते. मग खऱ्या मालाला खोट्या मालाच्या भावाशी झुंजावे लागते. जाणते गिऱ्हाईक नसले म्हणजे प्रामाणिक कारागिराचा प्रामाणिकपणाच त्याला नडतो.

कारागिराने आपल्या वस्तूची किंमत ठरवावी कशी, हाही प्रश्न याच्याशी निगडित आहे. सामानाची रक्कम आणि दिवसांची मजुरी एवढेच तो बहुधा धरतो. मुरण्यासाठी ठेवलेल्या लाकडात किंवा कमवायला टाकलेल्या चामड्यात अडकलेला पैसा, बिघडून टाकून द्यावा लागलेला नग, हत्यारांची झीज, गिऱ्हाइकाशी बोलण्यात गेलेला वेळ, हे सारे तो घरच्या खात्यात टाकतो. म्हणजे आपल्याला मिळणाऱ्या स्वस्ताईची भरपाई त्याच्या घरातली माणसे करीत असतात. मधली फळी कमी व्हावी म्हणून प्रदर्शने भरतात. दिल्लीत १९९४ पासून असलेल्या हाटात कारागिरांना पाळीपाळीने गाळे मिळतात आणि विकणारा व घेणारा समोरासमोर येतात. आता मोबाईलवरून वस्तूचे छायाचित्र पाठवून परगावी विक्री करणारेही पुष्कळ आहेत. ही साधने चांगली आहेत. मात्र ती ओळखीची सुरुवात करून देतात. ओळख टिकवणे हे माणसांचेच काम राहते.

तात्पर्य काय? कारागिराला मदत करा, असे सांगण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. त्याला दयेने घेतलेली वस्तू नको असते, आणि अशी वस्तू आपण पुन्हा घेतही नाही. त्याला जाणते गिऱ्हाईक हवे असते. जाणते होणे फार अवघड नाही. वस्तू घेताना ती कोणी केली हे विचारावे. कशी केली हे विचारावे. कारागीर हौसेने सांगतो. आवडली तर त्याला कळवावे, आणि बिघडली तर दुसरी विकत घेण्याआधी ती त्याच्याकडे परत न्यावी. आणि ऐकण्याची, पाहण्याची, हात बसण्यात गेलेल्या वर्षांची जी मजुरी असते, तिच्यात घासाघीस करू नये. हे शेवटचे मी पैसे मोजून शिकलो आहे.

आजीचा तो तंबोरा आता घरात रोज वाजतो. त्याच्या भोपळ्यावर कोणाचे नाव नाही. ज्याने तो मुळात केला त्याचा पत्ता लावणे आता शक्य नाही. पण ज्याने त्याला पुन्हा बोलते केले, त्याचे नाव मुलीने आपल्या गाण्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. पुढच्या वर्षी जवारी पुन्हा लावावी लागेल, तेव्हा ती स्वतः जाणार आहे, आणि जवारी खुली हवी की बंद, हे आता तिला सांगता येईल.